दुसरी खेप

दिल्या, आधी एक दुरुस्ती करतो. तू गेल्याची बातमी आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच टाकली, आणि तिच्यात लिहिलं की न्यूझीलंडमध्ये ट्रेकिंग करताना तुला हृदयविकाराचा झटका आला. तू वाचलं असतंस तर तिथल्या तिथे फोन करून मला शिव्या घातल्या असत्यास. ट्रेकिंग या शब्दाचाच तुला राग होता. रिकाम्या हाताने खाली यायचं असेल तर माणूस वर चढतो कशाला, असं तू विचारायचास. पण ग्रुपवरची निम्मी माणसं चतुर्थ्या आणि श्रावण पाळणारी, उरलेली निम्मी चिकन खाऊन हरणावर माया करणारी. 'हरीण मारलं' असं लिहायला माझा हात धजला नाही. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि माझं खोटं पचून गेलं.

तर खरं असं आहे. तू रीतसर परवाना काढून एक थोराड नर हरीण मारलं होतंस. त्याचं अर्धं मांस डोंगराच्या पायथ्याशी, तुझ्या मावसभावाच्या, अविनाशच्या गाडीपाशी आणून ठेवलं होतंस. उरलेलं अर्धं वर झाडाला टांगलेलं होतं आणि ते आणायला तू पुन्हा चढायला लागला होतास. एकटा होतास.

हे 'एकटा' सगळ्यांना खुपतं. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेतला की तेच विचारतो. शुभावहिनींनीही विचारलं, तिकडे जाताना विमानात. "भाऊजी, हे एकटे का गेले?" मी म्हणालो, त्याला एकटं आवडायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. अरे, ज्याला इथे तोआ पायोहच्या बाजारात डोसा खायलासुद्धा सोबत लागायची त्या माणसाबद्दल मी त्याच्याच बायकोला हे सांगितलं. तेव्हापासून कालपर्यंत मी त्यांना टाळलं. आपल्या इमारती समोरासमोर आहेत, त्यामुळे टाळणं सोपं नव्हतं.

आपलं हे खूळ सुरू झालं ते अविनाशमुळे. तुझा हा मावसभाऊ तिकडे दक्षिण बेटावर जाऊन राहिला, शिकार शिकला आणि मग त्याने तुला शिकवली. पहिल्या वर्षी मी नुसता डोंगर बघायला तुझ्याबरोबर आलो. हरीण मिळालं त्याच दिवशी अविनाशची पाठ धरली. तुम्ही दोघं त्या मांसाच्या सुती पिशव्यांकडे आणि एकमेकांकडे बघत उभे राहिलात. मी जन्माचा शाकाहारी, अंड्याच्या केकलासुद्धा नाक मुरडणारा. तरी मीच म्हणालो, द्या एक इकडे. तू माझ्या पाठीवर ती फ्रेमची पिशवी चढवलीस, पट्टे आवळलेस आणि म्हणालास, "पंत, सोवळं कापडाच्या बाहेरच आहे. चला."

पुढे हेच आपलं ठरून गेलं. तू मारायचास, कापायचास, हाडं वेगळी करायचास. मी तेवढा वेळ पाठ फिरवून बसायचो. मग ओझं दोघांत अर्धं अर्धं. रात्री झोपडीत तू तव्यावर मांस परतायचास आणि मी माझ्या डब्यातली मेतकुटाची बरणी उघडायचो. तिकडची हरणं बाहेरून आणून सोडलेली, त्यांना खाणारं कुणी जनावर नाही, ती जंगलाची नासाडी करतात, हे सगळं तू मला समजावून द्यायचास, मी न विचारता. मला वाटतं, तू ते मला कमी आणि स्वतःला जास्त सांगायचास.

आपलं भांडण मात्र वेगळंच होतं आणि ते मिटलं नाही. तुझं म्हणणं, मारणाऱ्याचं काम एका क्षणाचं, आणणाऱ्याचं दिवसभराचं, मग शिकारी कोण? मी म्हणायचो, मी हमाल आहे. पाप तुझं, पाठदुखी माझी. तू चिडायचास. गंमत म्हणून नाही, खरंच चिडायचास. मी तुझ्याबरोबर सगळं करतो आणि ऐन वेळी हात धुऊन बाजूला होतो, असं तू मला एकदा म्हणालास. मी हसून सोडून दिलं.

दुसरी गोष्ट सगळं खाली आणण्याची. बाकीचे लोक मागच्या तंगड्या आणि शिंगं घेऊन जातात, उरलेलं तिथेच टाकतात. तुला ते चालायचं नाही. मान, फासळ्यांवरचं, खांद्याचं, सगळं सोलून पिशवीत. मी एकदा उतारावर वैतागून म्हणालो, टाक ना रे निम्मं, कोण बघतंय. तू थांबलास. पाटणकडच्या तुझ्या घरी जत्रेच्या बोकडाचं काय काय शिजतं ते तू मला पूर्वी सांगितलं होतंस, ते काही पुन्हा काढलं नाहीस. फक्त म्हणालास, "मी मारलंय पंत. मग मलाच आणायला पाहिजे." मला तेव्हा तू हेकट वाटलास. अजूनही वाटतोस. निम्मं टाकलं असतंस तर आज समोरच्या ब्लॉकमध्ये दिवा लागला की मला बरं वाटलं असतं.

सराव आपण घरी, सेम्बावांगच्या जिन्यावर केला. या देशात चढायला डोंगर नाही, म्हणून ब्लॉकचा जिना. पाठीवर तांदळाच्या गोण्या, तुझ्या गळ्यात घाम पुसायला पंचा. दहाव्या मजल्यावरची चिनी आजीबाई दार किलकिलं करून विचारायची, "अंकल, लिफ्ट स्पॉइल आह?" तू म्हणायचास, "नो आंटी, एक्सरसाइझ लाह." ती दर वेळी तेच विचारायची आणि तू दर वेळी तितक्याच अदबीने सांगायचास. शेवटी ती म्हणाली की तांदूळ इतका महाग झालाय, तो घेऊन कशाला फिरता. परवा ती मला लिफ्टपाशी भेटली. तुझं विचारलं. मी सांगितलं. तिने माझा दंड धरला आणि लिफ्ट निघून गेली तरी सोडला नाही.

आता त्या घसरणीबद्दल बोलायला हवं. तिसऱ्या वर्षी, ओढ्याच्या वरच्या त्या सुट्या दगडांच्या उतारावर माझा पाय गेला. पाठीवरचं ओझं मला ओढत कड्याकडे न्यायला लागलं. तू माझी पिशवी मागून फ्रेमसकट धरलीस आणि स्वतः जमिनीवर आडवा पडलास, तेव्हा मी थांबलो. आपण दोघं तिथे पडून राहिलो. मग तू म्हणालास, "घरी सांगायचं नाही." मी मान डोलावली. तू हसत होतास, आणि मी हसत नव्हतो हे तू पाहिलंस. त्यानंतर कित्येक दिवस एमआरटी स्टेशनातला सरकता जिना उतरतानासुद्धा माझे तळवे ओले व्हायचे. हे मी तुला सांगितलं नाही. मी गुडघा सांगितला.

गुडघा अगदीच खोटा नव्हता. बॅडमिंटन खेळताना तो मुरगळला होता, डॉक्टरने पट्टा दिला होता. सहा-आठ आठवड्यांत बरा झाला. पण पट्टा मी वापरत राहिलो. तू जिना चढायला लागलास की मी खाली बाकावर कॉफी घेऊन बसायचो आणि वरून तुझ्या पावलांचा आवाज ऐकायचो. तू खाली येऊन माझ्या पट्ट्याकडे बघायचास आणि पंच्याने घाम पुसायचास. मला आपलं बरं वाटायचं की वेळ निभावून गेली.

आणि मग ती संध्याकाळ, तोआ पायोहचं ते खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर. तांजोंग पगारच्या तुझ्या ऑफिसातून घरी जाताना तू मधेच उतरलास आणि माझ्या ऑफिसखाली येऊन फोन केलास. समोर दोन कॉफ्या. हवापाण्याचं बोलणं झालं, तुझ्या नोकरीच्या पासच्या नूतनीकरणाचं झालं, वहिनींच्या दिल्लीवाल्या मॅनेजरचं झालं. मग तू टेबलावरचा कॉफीचा ओला गोल बोटाने पुसत म्हणालास, "पंत, एकट्याने सगळं खाली कसं आणायचं रे?"

तू असाच होतास. जन्मात कधी कुणाला 'माझ्याबरोबर ये' म्हणाला नाहीस. ताकाला जाऊन भांडं लपवायचास. आणि मी? मला प्रश्न दिसला की उत्तर सुचतं, पगारच त्याचा घेतो. मी खिशातून पेन काढलं, टिश्यूपेपर पसरला आणि तुला आकृती काढून दिली. सगळं एकदम उचलायचं नाही. दोन भाग कर. एक झाडाला टांग, एक घेऊन खाली ये, गाडीत ठेव, मग वर जा आणि दुसरा आण. ओझं निम्मं, पाठीवर ताण नाही, उतारावर तोल जाणार नाही. मी तुला पट्टे कुठे आवळायचे ते दाखवलं, वजन पिशवीत वर ठेवायचं की खाली तेही सांगितलं. तू लक्ष देऊन ऐकलंस. म्हणालास, "म्हणजे एकट्याला जमेल." मी म्हणालो, आरामात. मग तू टिश्यूपेपरची घडी घालत म्हणालास, "तू असशील तर एकाच खेपेत होईल."

मी म्हणालो, "बघू. गुडघा काय म्हणतो."

दिल्या, बाहेर अंधार पडेपर्यंत मी तुला दोऱ्या आणि पट्टे शिकवले आणि एवढ्या वेळात एक साधं गणित माझ्या ध्यानात आलं नाही. ओझं निम्मं झालं की चढ दुप्पट होतो. मी पाठीचा विचार केला, उताराचा केला, कारण मला स्वतःला उताराची भीती होती. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने तो डोंगर एका दिवसात दोनदा चढायचा, याचा विचार केला नाही. तू सापडलास तेव्हा तुझ्या पाठीवरची पिशवी रिकामी होती. अविनाश म्हणाला, तू बसलेला होतास, झाडाला टेकून, पट्टे न सोडता. माझं सगळं काळजीचं गणित ओझ्याचं होतं, आणि तू गेलास तेव्हा तुझ्यावर कसलंच ओझं नव्हतं.

डॉक्टरने सांगितलं की हे कुठेही होऊ शकलं असतं. ऑफिसात, जिन्यावर, झोपेत. अविनाश तेच म्हणाला. माझी बायको रोज तेच म्हणते. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. पण झोपेत गेला असतास तर शेजारी वहिनी होत्या, ऑफिसात गेला असतास तर दहा माणसं धावली असती. जिन्यावर खाली मी होतो.

तिकडे पोचलो तेव्हा वहिनी आणि अविनाश पोलिसांच्या आणि अंत्यविधीच्या कामात होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोंगरावर गेलो. अविनाश नको म्हणाला, मग नकाशा, शिट्टी आणि आणीबाणीत मदत मागवायचा तो यंत्रडबा त्याने माझ्या गळ्यात अडकवला. वरचं अजून टांगलेलं होतं. थंडी होती, रात्रीचं दव गोठत होतं, म्हणून मांस टिकलं होतं. तू मारायचास तेव्हा मी पाठ फिरवायचो, त्यामुळे पिशवी झाडावरून कशी उतरवायची तेही मला नीट माहीत नव्हतं. दोरी सोडली तर पिशवी धप्पकन माझ्या खांद्यावर आली. मी खाली बसलो आणि तिला मिठी मारून रडलो. तुझ्यासाठी मी रडलो ते असं, सुती कापडातल्या हरणाला धरून. तू पाहिलं असतंस तर जन्मभर पुरवून पुरवून सांगितलं असतंस.

मग मी ती पाठीवर घेतली. सुट्या दगडांचा तो उतार आला. मी सरळ खाली बसलो आणि लहान मुलासारखा ढुंगणावर घसरत उतरलो. पँट फाटली. भीती तेवढीच होती, घसरलो होतो तेव्हाइतकीच, आणि ती बरोबर घेऊनही उतरता येत होतं. गुडघ्याने एकदाही कुरकुर केली नाही. ओढ्यापाशी पोचल्यावर मी तिथे थांबून तुला मोठ्याने हाक मारली. का मारली ते विचारू नकोस. उत्तर येणार नाही हे माहीत होतं आणि तरी मी थांबून वाट पाहिली.

सुतक होतं, म्हणून अविनाशने ते मांस तसंच फ्रीझरमध्ये ठेवलं. वहिनी अंगणात उभ्या होत्या. माझी फाटकी पँट आणि खरचटलेले हात त्यांनी पाहिले. मला वाटलं, आता त्या पुन्हा विचारणार, आणि आता मी सांगायचं. पण त्यांनी फक्त पाणी आणून दिलं. माझा धीर पुन्हा सुटला.

काल सकाळी मात्र त्या स्वतःच आमच्या दारात आल्या. हातात काही नाही, आत या म्हटलं तर आत आल्या, बसल्या. माझी बायको चहा ठेवायला उठली आणि मी सगळं सांगून टाकलं. हॉकर सेंटर, टिश्यूपेपर, गुडघा बरा असल्याचं, घसरण, भीती. तू काय विचारत होतास ते मला त्याच क्षणी कळलं होतं, हेही सांगितलं. ते मी आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. वर मी लिहिलंय ना, की मला प्रश्न दिसला की उत्तर सुचतं. ती पळवाट आहे. मला प्रश्न कळला होता. म्हणून तर मी इतका वेळ पट्टे आवळत बसलो.

वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यांना माहीत होतं भाऊजी. त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले, पंत घाबरलाय. गुडघा नाही तो. पण त्याला तसं म्हणायचं नाही कुणी."

मी म्हणालो, मग दुसऱ्या कुणाला का नाही नेलं? अविनाशचे चार मित्र आहेत तिकडे. एकाला सांगितलं असतं तर आनंदाने आला असता.

"मीसुद्धा तेच म्हटलं. तर म्हणाले, पंत बघू म्हणालाय. नाही म्हणाला नाहीये. तो नाही म्हणत नाही तोवर त्याची जागा दुसऱ्याला कशी द्यायची?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चहा घेतला, कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि दारात चपला घालताना म्हणाल्या की कराडला संगमावर अस्थी घेऊन जायचंय, तुम्ही बरोबर याल का. मी तोंड उघडलं आणि सवयीने तोच शब्द ओठांवर आला. मी तो गिळला. म्हणालो, येतो. नक्की येतो.

आपल्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, असं आपण घरातून शिकून येतो. बघू म्हणतो, सांगतो म्हणतो, वेळ काढतो. समोरचा समजून घेतो. तू समजून घेतलंस, आणि तरीही माझी जागा धरून ठेवलीस. निघायच्या दिवशी विमानतळावरून तू फोन केलास, इकडचं तिकडचं बोललास, आणि मी तुला पट्टे नीट आवळ म्हणालो. तेव्हाही तू वाट बघत होतास. माझ्या एका शब्दाने तू मोकळा झाला असतास.

तो शब्द आज देतो, दिल्या. नाही. मी येणार नव्हतो. नाही.